जॉबरकाका, बुलेट आता उलटी किक मारत नाही

जॉबरकाकांस,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही “आधी चहा घे” म्हणून विषय मोडता. म्हणून चारचौघांत लिहितोय. नातू मोबाइलवर वाचून दाखवेलच.

बाबांची 1979 सालची बुलेट 350 तुमच्या दारात ढकलत आणली, तेव्हा मी लंगडत होतो. आदल्या दिवशी किकने उलटा तडाखा देऊन नडगी सोलून काढली होती. तुळजापूरच्या घाटात तर इंजिन असं टकटक करायचं, की मागे बसलेली बायको म्हणायची, आत कुणीतरी हातोडी घेऊन बसलंय. एका गॅरेजवाल्याने पिस्टन गेला म्हणून बोअर करायचा खर्च सांगितला होता. तुम्ही इंजिनाला हातही लावला नाही. उजव्या बाजूचं गोल झाकण काढलंत आणि पॉइंटमध्ये, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या त्या दोन टोकांमध्ये, फीलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) 0.4 मिलिमीटरचं पातं घातलंत. ते लडबडलं. दुसरं तसंच पातं जोडून घातलंत, तेही गेलं. “बघ, दरवाजाच उघडा ठेवलाय,” एवढंच म्हणालात.

पॉइंटची फट वाढली की ते लवकर उघडतात, आणि उघडले की ठिणगी पडते. म्हणजे ज्याने कुणी फट वाढवली, त्याने नकळत टायमिंगही पुढे नेलं, ठिणगी वेळेआधीच पडायला लागली. पिस्टन वर येतोय तोवरच आत भडका, मग किक उलटी फिरणारच. हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. आधी फट, मग टायमिंग, हा क्रम उलटा केला तर दुसऱ्यांदा सगळं करावं लागतं, हे तर मी तुमच्या देखत करून बसलो!

तुमचं आयुष्य मागावर गेलं, माग लावून देणारे, दुरुस्त करणारे जॉबर म्हणून. बुलेट तुम्हाला कशी कळते, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. आडवा दोरा नेणारा धोटा कधी सोडायचा, हे जॉबर मागाचा क्रँक कुठे आलाय त्यावरून ठरवतो. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांमधली वाट उघडायच्या आधी सोडला की दोरे तुटले, उशीर झाला की धोटा मध्येच अडकला. “इथं धोट्याऐवजी ठिणगी,” असं म्हणालात. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, पण ‘पेट घ्यायला वेळ लागतो म्हणून ठिणगी थोडी आधी’ हे वाक्य डोक्यात उतरलं ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या ओट्यावर.

मग तुम्ही पाना माझ्या हातात दिलात आणि स्वतः खुर्चीत बसलात. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. गाडी मधल्या स्टँडवर, वरचा गिअर, प्लग बाहेर, भोकात सायकलचा स्पोक. मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन सर्वांत वर आणायचा. तोही दाबाच्या फेरीतला, व्हॉल्व्ह उघडणारे दोन्ही पुशरॉड बोटाने मोकळे फिरतील तेव्हाचा. मी ‘आला वर’ म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. टोकाशी पिस्टन जवळजवळ थांबतो, चाक फिरत राहतं तरी स्पोक हलत नाही, त्यामुळे डोळा फसतो. चढताना स्पोक एका खुणेला येतो तिथे चाकावर खडूची रेघ, उतरताना त्याच खुणेला येतो तिथे दुसरी, आणि बरोबर मधे खरं टोक. तीनदा करायला लावलंत. तिसऱ्यांदा माझी रेघ तुमच्या नखाइतकी सरकली होती.

तिथून मागे जाऊन परत पुढच्या दिशेनेच, म्हणजे चेनचा ढिलेपणा निघून जाईल अशा बेताने, टोकाच्या फक्त 0.8 मिलिमीटर अलीकडे. स्पोक तिरका बसतो, त्याच्यावर आंधळा भरवसा नको, हे बजावायला विसरला नाहीत. चावी लावली. हेडलाइटच्या डब्यावरचा अँपिअर मीटर मी वीस वर्षं शोभेची वस्तू समजत होतो. पॉइंट मिटलेले तोवर काटा उणेकडे, उघडले की मधे. मी पॉइंटच्या प्लेटचे स्क्रू सैल करून ती केसभर सरकवत होतो आणि तुम्ही काट्याकडे डोळे लावून बसला होतात. काटा उडाला आणि तुम्ही ओरडलात, “आगु!” म्हणजे थांब. इतक्या वर्षांच्या मराठीतून तेलुगू निसटली. स्क्रू आवळताना प्लेट हलली, म्हणून सगळं पुन्हा. बॅटरी उतरलेली असेल तर पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा, सुटला की उघडले, हेही जाता जाता सांगितलंत.

दुसऱ्या किकला चालू झाली. वेग वाढला की पॉइंटखालची छोटी वजनं बाहेर फेकली जाऊन टायमिंग आपोआप पुढे जातं, त्यामुळे खरी परीक्षा रस्त्यावर, म्हणून तुम्ही मला घाटात पाठवलंत. टकटक नाही. फक्त तो जुना, भरडा, सवडीचा धडधडाट. बाबा आठवले. घाट चढून वर एका झाडाखाली थांबलो, सायलेन्सर निळा पडला नाही ना ते बघितलं, आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

पैसे घेतले नाहीत. शेंगाचटणीचा डबा मात्र ठेवून घेतलात, तो रिकामा परत द्या, आई विचारतेय. तुमचं फीलर गेज चुकून माझ्याच खिशात आलंय. रविवारी सकाळी देऊन जातो. गाडी घेऊनच येईन. मागे बसायचं की पुढे, ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
नडगीवाला