रॅपिडची हॉकी स्टिक

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिले नाही, त्याबद्दल तू मला काय काय म्हणाला असशील ते इथे बसून ऐकू येते आणि ते सर्व मला मान्य आहे. आईची शुगर आटोक्यात आहे, माझी कंबर होती तशीच आहे. आज लिहायला बसलो तो मात्र क्षमा मागण्यासाठी नव्हे. गुरुवारी आमच्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, टूल जॉब पकडणाऱ्या क्लॅम्पवर आदळले, आणि ते का आदळले हे घरात सांगू लागलो की ऐकणारा पाच मिनिटांत मोबाइल काढतो.

मशीन नवे, म्हणजे मालकांनी दिवाळीत कुणाचे तरी वापरलेले घेतलेले. जॉब पंपाच्या बिडाच्या कव्हरचा. प्रोग्राम वरच्या ऑफिसात कॅमवर, म्हणजे टूलचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तयार झाला आणि त्याचे सिम्युलेशन मी स्वतः शेवटपर्यंत पाहिले. कव्हरवरच्या एका बॉसवरून, म्हणजे उंचवट्यावरून, दुसऱ्या बॉसवर जाताना टूल जॉबच्या वर फक्त ५ मिलिमीटर उचलले जात होते, कारण सायकल टाइम वाचवायचा होता. क्लॅम्पचा बोल्ट त्याहून उंच होता, परंतु स्क्रीनवरची रेषा त्याच्यापासून चांगली लांबून जात होती. कुठेही लाल झाले नाही. मी कागदावर सही केली.

आमच्या ऑपरेटरने, ओंकारने, पहिला जॉब शिकवल्याप्रमाणेच लावला होता: सिंगल ब्लॉक, म्हणजे एका वेळी कोडची एकच ओळ; रॅपिड, म्हणजे न कापता धावण्याचा वेग, २५ टक्क्यांवर; बोट चाल थांबवणाऱ्या फीड होल्डवर. ब्लॉक होता जी झिरो, म्हणजे रॅपिडची आज्ञा, एक्स १८०, वाय ६०. किती अंतर उरले ते दाखवणाऱ्या डिस्टन्स-टू-गोमध्ये नेमके तेच आकडे होते. पोराने ते वाचले, पुन्हा वाचले आणि सायकल स्टार्ट दाबले. दोन्ही अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने निघाले, त्यामुळे टूल आधी पंचेचाळीस अंशांत गेले आणि वाय संपल्यावर उरलेला एक्स चालणार होता. सरळ रेषेवर एक्स ६० असताना वाय २० असायला हवा होता. आमचे टूल वाय ६० वर होते आणि बोल्टही तिथेच होता. दहाचे कार्बाइड एंडमिल तुटले, होल्डरला चरा पडला, बोल्ट वाकला. स्पिंडलमध्ये मँड्रेल लावून डायल फिरवला आणि तो सरळ निघाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तुला आता हसू आले असेल. अप्रेंटिसशिपच्या दुसऱ्या वर्षी सरांनी हेच समजावताना फळ्यावर हॉकी स्टिक काढली होती आणि तू मागच्या बाकावरून विचारले होतेस की, सर, गोल कुठे आहे. त्या दिवसाची चिपा गोळा करण्याची शिक्षा तुझ्यामुळे मलाही झाली होती, हे मी अजून विसरलेलो नाही. विसरलो ते फळ्यावरचे. आमच्या शॉपमधल्या सर्व मशीनवर रॅपिड सरळ की वाकडे हे ठरवणारा पॅरामीटर १४०१ मधला बिट कुणीतरी पूर्वीच १ करून ठेवला होता आणि रॅपिड सरळच जात असे; या आलेल्या मशीनवर तो शून्य आहे, हे मी गुरुवारी संध्याकाळी पाहिले. सकाळी पाहायला हवे होते.

आता खरी गोष्ट. मालकांना अहवाल हवा आहे आणि त्यात ऑपरेटरची चूक असे लिहून हवे आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी फोनवर सांगितले की, सिम्युलेशन बरोबर आहे. ते खोटे बोलत नाहीत. त्यांचे सिम्युलेशन पोस्टच्या, म्हणजे कॅमचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये बदलणाऱ्या भागाच्या, आधीचा मार्ग दाखवते. पोस्टमधून बाहेर पडलेला कोड ते वाचतच नाही, आणि तो कोड कोणत्या मशीनवर, कोणत्या पॅरामीटरवर चालणार हे त्याला ठाऊक नसते. मालक म्हणतात, मग फीड होल्ड का नाही दाबले? मी हिशेब केला. या मशीनचे रॅपिड मिनिटाला ३० मीटर. २५ टक्क्यांवर सेकंदाला १२५ मिलिमीटर. बोल्टपर्यंत ६० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. सुरुवातीचा वेग पकडण्याचा वेळ धरला तरी फार फरक पडत नाही. आकडे बरोबर दिसत असताना अर्ध्या सेकंदात काय बघून बोट दाबायचे?

तुझ्या लग्नाच्या पंगतीत तू मला म्हणाला होतास की, पुढे मशीनिस्टला कोड वाचावाच लागणार नाही, आणि माझी जिलेबी त्या भांडणात गार झाली. ते भांडण मी मिटलेले समजत नाही. आम्हाला कोड वाचायचा आहे. तुम्ही सॉफ्टवेअरवाले लोक दरवर्षी नवी बटणे देता, रंग बदलता. आम्हाला हवे आहे ते असे की, सिम्युलेशनने पोस्ट झालेला कोड उघडावा आणि माझे मशीन जसे चालते तसे चालवून दाखवावे, वाकड्या रॅपिडसकट. पोस्टमधली एक ओळ बदलायची तर कोटेशन मागवावे लागू नये. मॉडेलमध्ये बोअर, म्हणजे भोक, ३०.००० असतो, ड्रॉइंगवर एच७ असते, म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, आणि मला तो ३०.०१० ला बसवायचा असतो. त्यासाठी पुन्हा जिना चढून ऑफिसात जायचे का? जी ४१, म्हणजे टूलची त्रिज्या मशीनने धरावी ही आज्ञा, देऊन प्रोग्राम काढला तर खाली मशीनच्या डी ऑफसेटमध्ये आकडा टाकून मोकळा होतो. परंतु वरचा मुलगा दर वेळी टूलची त्रिज्या कॅममध्येच धरून कोड पाठवतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये डीफॉल्ट तेच आहे. मध्येच टूलचा इन्सर्ट, म्हणजे कापणारा तुकडा, तुटला तर प्रोग्राम कुठून सुरू करायचा, हाही असाच प्रश्न. प्रत्येक टूलच्या सुरुवातीला जी ९०, जी ५४, स्पीड आणि जी ४३, म्हणजे मोजणी कुठून, वेग किती, टूल किती लांब हे सारे, पुन्हा लिहिलेले असले की निर्धास्तपणे तिथून सुरू करता येते. त्या चार ओळींनी कुणाची मेमरी भरणार आहे? प्रोग्राम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत तेव्हाची ती पंच टेपची काटकसर आता कशाला?

वहिनींची बदली पुण्यातच झाली हे कळले, उत्तम झाले. चिरंजीवांना दहावीबद्दल आशीर्वाद. डिप्लोमा की अकरावी, ते सविस्तर कळव.

ओंकार शुक्रवारपासून लेथवर काम मागून घेतो आहे. व्हीएमसीच्या बाजूने जायचे असेल तर मागून वळसा घालून जातो. अहवालात मी लिहिले आहे की प्रोग्राम मी तपासला, सही माझी आहे आणि पॅरामीटर पाहिला नाही तो मी. सॉफ्टवेअरबद्दलचा परिच्छेद मात्र मला नीट जमत नाही. माझ्या भाषेत तो तक्रारीसारखा वाटतो आणि मालक तेवढाच भाग वाचून कागद बाजूला ठेवतील. तू स्वतः पोस्ट लिहितोस. सोबत मसुदा ठेवला आहे. तो तिसरा परिच्छेद तुमच्या बाजूच्या माणसाने लिहावा तसा लिहून दे, पण माझी सही जिथे आहे तिथेच राहू दे. मंगळवारी मीटिंग आहे.

तुझा,
विलास