टॉवेल डाव्या हाताने

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी आपटला नाही, बाबांच्या हातून कट झाला. तू परत लावला नाहीस, मग मीही नाही लावला. म्हणून हे लिहितेय. तुझ्या खांद्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय.

तुझी बर्गामोची मॅच आम्ही पूर्ण पाहिली. स्ट्रीमिंग मधे मधे अडकत होतं, तरी. मुख्य स्पर्धेआधीच्या क्वालिफाइंगच्या दुसऱ्या फेरीत हरलास त्याचं काही नाही रे. पहिल्या सेटला बाबा सोफ्यावर बसलेच नाहीत, उभ्याने बघत होते. पण दुसऱ्यात ३-४ असताना तू टॉवेल डाव्या हाताने घेतलास. लहानपणापासून रॅकेट डाव्या काखेत आणि टॉवेल उजव्या हातात, ही तुझी सवय. त्यानंतरच्या सर्व्हिसला चेंडू वर गेला आणि हात अर्ध्यावरच थांबला. मला दिसलं.

"सिनर इथेच जिंकला, आई," म्हणालास. माहीत आहे. २०१९, वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेली थेट एंट्री), वय १७, रँकिंग ५४६, फायनल ६-३, ६-१. पाच वर्षांनी जगात पहिला. तुझ्या कपाटाच्या दारावर तुझ्याच अक्षरात आहेत तिथले विजेते: बेरेटिनी २०१८, सिनर २०१९, रूने २०२१. कपडे ठेवताना रोज वाचते. २०१७ चा यानोविच मात्र तू लिहिला नाहीस. विम्बल्डनची सेमीफायनल खेळलेला माणूस, २०१३ मध्ये. चार वर्षांनी चॅलेंजरच्या, म्हणजे खालच्या पायरीच्या स्पर्धेच्या, हॉलमध्ये येऊन पुन्हा उभा राहिला, बर्गामो जिंकला, आणि त्याच वर्षाअखेर गुडघ्याने त्याला जो घरी बसवला तो थेट २०२० पर्यंत. बघ, गुडघ्याचं लिहिलं, खांद्याचं नाही.

आणि सेप्पी? २००८ आणि २०११, दोनदा जिंकला तिथे. ग्रँड स्लॅम सलग ६६ खेळला, मधे एकही चुकवली नाही. तू त्याला कंटाळवाणा म्हणतोस. मला तोच आवडतो.

इनडोअरला वारा नाही, ऊन नाही, सर्व्हिसचा चेंडू वर जिथे फेकला तिथेच राहतो. म्हणून प्रत्येक पहिली सर्व्हिस फोडायचा मोह होतो तुला. सिनरला जिंकून मिळाले ते ८० रँकिंग पॉइंट. ऐंशी पॉइंटांसाठी गोळी घेऊन कोर्टवर उतरायचं, फिजिओला सांगायचं नाही, आणि आईला तर नाहीच नाही... झालं, सुरू झालं माझं. सोड. तुझा खेळ तुला जास्त कळतो.

खरं सांगू, बर्गामो म्हटलं की मला टेनिस आठवतच नाही. २०२० च्या फेब्रुवारीत तिथली फायनल कोरोनामुळे झालीच नाही. दोन खेळाडू तयार, आणि मॅच नाही. मग मार्चमध्ये टीव्हीवर त्याच शहरातून शवपेट्या नेणारे लष्कराचे ट्रक, रात्री, एकामागे एक. तेव्हा तू खाली पार्किंगच्या भिंतीवर ठकठक करायचास. पहिल्या मजल्यावरच्या आजी रोज ओरडायच्या, आणि तू तापाने पडलास त्या दिवशी "आज आवाज नाही?" म्हणून जिन्यातूनच विचारायलाही त्याच आल्या. तीन दिवसांचा साधा ताप. पण मी त्या तीन रात्री झोपले नव्हते, हे तुला कधी सांगितलं नाही. या वेळी तू तिकडचं तिकीट काढलंस, तेव्हा मी "छान" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले, ते यासाठी.

आजींना परवा मॅच दाखवली. त्यांना स्कोअर कळत नाही. "भिंत कुठाय?" म्हणाल्या.

पुढच्या आठवड्याची एंट्री मागे घे असं मी म्हणत नाही. एमआरआय काढ, एवढंच म्हणते. मावशीने विचारलं तर तिलाही मी "ठीक आहे" असंच सांगणार.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, रॅकेटचं गटिंग (जाळीचा ताण) किती पौंडांवर करून घेतोस? दोन पौंड उतरव म्हणतायत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.