‘मित्रांना कळवा’ म्हणालात, कळवलं. मग खातं का गोठवलंत?

प्रति,
व्यवस्थापन, ऑनलाइन विक्री विभाग

विषय: रद्द केलेली सूट, गोठवलेलं खातं आणि कस्टम्ससाठी लिहिलेली चुकीची किंमत

तुमच्या हेल्पलाइनवरचा शेवटचा फोन नुकताच संपला. संपला म्हणजे तुमच्या माणसाने ठेवला. आता जे आहे ते लेखी. दुकान तुमचं, कूपनंही तुमचीच, तेव्हा प्रीऑर्डर म्हणजे काय आणि कोड कुठल्या चौकटीत टाकतात हे समजावत बसत नाही.

ऑर्डरमध्ये निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलचे तीन जपानी गेम होते. दोन स्टॉकमधले, तिसरा अजून बाजारात यायचा, म्हणून प्रीऑर्डर. न्यूजलेटरमधला १५ टक्क्यांचा कोड चेकआउटला लागला, रक्कम वजा झालेली दिसली, पैसे कापले गेले, कन्फर्मेशनची ईमेल आली. ‘सगळं एकत्र पाठवा’ हा पर्याय निवडलेला होता आणि त्या ईमेलमध्ये तो छापलेलाही आहे. तरी तुमच्या गोदामाने प्रीऑर्डर वेगळी काढली. ऑर्डरचे दोन तुकडे झाले आणि सिस्टिमने प्रत्येक तुकड्याला कूपनच्या अटी नव्याने लावल्या. स्टॉकमधले दोन गेम किमान खरेदीच्या रकमेखाली गेले, म्हणून त्यांची सूट गेली. प्रीऑर्डरची नोंद नव्या तारखेने झाली, तोवर कोडची मुदत संपलेली, म्हणून तिचीही गेली. मग फरकाची रक्कम कार्डावरून न विचारता कापली.

तुकडे तुम्ही केलेत, भुर्दंड ग्राहकाला. सूट ऑर्डरच्या एकूण बेरजेवर टांगून ठेवली की हे होणारच. चेकआउटच्या क्षणीच ती प्रत्येक गेमच्या किमतीवर वाटून नोंदवली, तर पुढे ऑर्डरचे कितीही तुकडे करा, ज्याची त्याची सूट त्याच्यासोबत जाते. हे तुमच्या तांत्रिक विभागाला माहीत नसेल यावर विश्वास बसत नाही. माहीत असून केलेलं नसेल, तर त्याला वेगळं नाव आहे. ते इथे लिहीत नाही.

आता फोनवर जे झालं ते. तक्रार सवलतीबद्दल होती. समोरून उत्तर आलं:

‘सर, तुमच्या अकाउंटवर कूपन गैरवापराचा फ्लॅग आहे. अकाउंट फ्रीझ केलंय.’

‘कसला गैरवापर?’

‘तुम्ही कोड शेअर केला, सर.’

‘तुमच्या ईमेलमध्ये कोडखाली “मित्रांना कळवा” असं बटण आहे. तेच दाबलं.’

‘हो सर, पण ग्रुपमध्ये बरेच लोक होते.’

‘किती लोक चालतात?’

‘तशी लिमिट नाही, सर.’

‘मग नियम कुठला मोडला?’

इथे होल्ड. ते संगीत कुणी निवडलंय त्याचाही एकदा हिशेब व्हायला हवा. बऱ्याच वेळाने तोच माणूस परत आला: ‘सर, यापुढे कोड शेअर करणार नाही असं तुम्ही ईमेलने लिहून द्या. मग रिव्ह्यूला टाकतो.’

म्हणजे माफीनामा. तुमच्याच ईमेलमधलं, तुमच्याच रंगातलं, तुम्हीच लावलेलं बटण दाबल्याबद्दल. ‘तुमच्या सिनियरशी बोलायचंय’ म्हटल्यावर ‘सिनियर पण हेच सांगतील, सर’. आणि फोन ठेवण्याआधी वर सल्ला: ‘डिस्काउंटच हवा असेल तर सेलमध्ये घेत जा ना, सर.’ या वाक्यानंतर समोरच्याने आपल्याला गिऱ्हाईक समजावं की भिकारी, हे तुम्हीच ठरवा. त्या मुलाची नोकरी जावी असं मुळीच म्हणणं नाही. त्याच्यासमोर जे लिहून ठेवलंय तेच तो वाचत होता. ते कुणी लिहिलं, त्याला पत्र आहे.

कोड पसरायला नको असेल तर उपाय सोपा आहे. प्रत्येकाला वेगळा, एकदाच चालणारा कोड पाठवायचा आणि तो खात्याच्या ईमेलला जोडायचा. किंवा एकच जाहीर कोड ठेवून एकूण किती वेळा आणि एका खात्याला किती वेळा चालेल याची मर्यादा घालायची. ई-दुकानाच्या कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार रकाने असतात. तुम्ही ते रकाने रिकामे सोडलेत, सगळ्यांना एकच कोड दिलात, खाली शेअरचं बटण लावलंत, त्या कोडवर आलेल्या नव्या ग्राहकांच्या ऑर्डरी घेतल्यात, त्यांचे पैसेही घेतलेत. आणि ज्याने ते ग्राहक आणून दिले त्याचं खातं बंद केलंत. फुकटात जाहिरात करून घेण्याची ही पद्धत नवीनच म्हणायची.

मुदतीचंही तसंच. ‘महिनाअखेरीपर्यंत’ एवढंच लिहिता, कुठल्या घड्याळाने ते लिहीत नाही. तुमचा सर्व्हर जपानच्या वेळेवर चालतो. जपान यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ९ तास पुढे, म्हणजे तिथली मध्यरात्र ही यूटीसीनुसार दुपारचे ३. पश्चिमेकडच्या ग्राहकाच्या शेवटच्या दिवसातला मोठा भाग त्याला न कळवताच कापला जातो, आणि हेल्पलाइन सांगते ‘कोड इनव्हॅलिड आहे, सर’.

चलनाची गंमत त्याहून बारीक आहे. येनमध्ये पैसे भरायचे म्हणून चलन येन निवडलं, की कोड टाकून ‘लागू करा’ दाबल्यावर पान नव्याने लोड होतं आणि चलन गुपचूप ग्राहकाच्या देशाच्या चलनावर परत जातं. त्या रूपांतराच्या दरात तुमचा कट असतो. बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क काही कार्डांवर वरून लागतं ते वेगळंच. म्हणजे एका हाताने १५ टक्के द्यायचे आणि दुसऱ्या हाताने थोडे काढून घ्यायचे. तुमच्याकडून घेणाऱ्याने आधी कोड लावावा, नंतर चलन बदलावं, ‘पैसे भरा’ दाबण्याआधी येनचं चिन्ह पुन्हा तपासावं आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा. हे तुम्ही सांगायला हवं होतं. तुम्ही सांगत नाही, म्हणून लोक एकमेकांना सांगतात. त्यालाच तुम्ही गैरवापर म्हणता.

स्टॉकमधल्या दोन गेमचं पार्सल आलं, तर बाहेरच्या कस्टम्स घोषणापत्रावर छापील पूर्ण किंमत आणि आतल्या इनव्हॉइसवर सूट वजा केलेली. सूट नंतर तुम्ही काढून घेतलीत हे खरं, पण त्या दिवशी तुमच्याच इनव्हॉइसवर वेगळा आकडा होता. ड्यूटी लागली बाहेरच्या आकड्यावर. जागतिक व्यापार संघटनेच्या सीमाशुल्क मूल्यांकन करारात पहिल्याच कलमात आधार धरलाय तो वस्तूसाठी प्रत्यक्ष दिलेल्या किंवा द्यायच्या किमतीचा, कॅटलॉगमधल्या किमतीचा नाही. आणि अनेक देशांत वस्तू, विमा आणि वाहतूक या तिन्हींच्या बेरजेवर ड्यूटी लागते. त्यामुळे एक आकडा फुगला की कर फुगतो, करावरचा कर असेल तर तोही फुगतो. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून किंमत लपवा असं कुणी सांगत नाही. ती लबाडी आहे आणि पकडली गेली तर ग्राहकच अडकतो. जी रक्कम घेतली तीच लिहा, एवढंच.

त्यातही हे दोन स्विचचे गेम ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात आले, बाकी सगळी हवा. कुरिअरच्या हिशेबाने लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार भागिले ५०००, म्हणजे आकारमानाचं वजन (खोकं किती जागा अडवतं त्यावरून धरलेलं) ४.८ किलो. २५ बाय १८ बाय ६ च्या खोक्यात हेच गेम आरामात बसतात आणि वजन धरलं जातं साधारण अर्धा किलो. खोकं तुम्ही निवडलंत, शिपिंगचा फरक ‘वजनातील बदल’ म्हणून ग्राहकाकडून घेतलात.

जाता जाता, तुमच्या साइटवर निन्टेन्डोच्या सगळ्या हातातल्या कन्सोलच्या गेमवर सरसकट ‘रीजन फ्री’ लिहिलंय, म्हणजे कुठल्याही देशातल्या कन्सोलवर चालणारा. डीएसला ते चालतं, स्विचला चालतं. ३डीएसला रीजन लॉक आहे. जपानी ३डीएस कार्ट्रिज अमेरिकन किंवा युरोपियन ३डीएसवर सुरू होत नाही. ही माहिती एका शोधात मिळते. अशा चुकीच्या लेबलावर विकलेला गेम ‘उघडलेला माल परत घेत नाही’ म्हणून नाकारता, हे तुमच्या अटींतच लिहिलंय.

मला हवं ते असं: फरकाची कापलेली रक्कम त्याच कार्डावर परत. तिन्ही गेमवर १५ टक्के, प्रीऑर्डरसह. शिपिंगचा वाढीव फरक परत. प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेचं दुरुस्त इनव्हॉइस, म्हणजे जादा ड्यूटीच्या परताव्याचा अर्ज करता येईल. खात्यावरचा शिक्का काढून टाका, आणि तसं लेखी कळवा. माफीनामा मिळणार नाही. बटण तुमचं होतं.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगीशिवाय केलेल्या दुसऱ्या कपातीवर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कापलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याचा, दावा जाईल. सोबत कन्फर्मेशनची ईमेल, चेकआउटचा स्क्रीनशॉट, दोन्ही आकड्यांचे कागद आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो असेल. त्याच दिवशी ग्राहक तक्रार यंत्रणेकडेही. आणि ज्या ग्रुपमध्ये तुमचा कोड टाकला होता, तिथेच हे पत्रही टाकणार आहे. यालाही लिमिट नाही ना, सर?

— तुमचा एक गोठवलेला ग्राहक