महासंगणक आला, तो चालवणार कोण?

'परम रुद्र' महासंगणकांविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. पुणे, दिल्ली व कोलकाता येथील या तीन यंत्रांचे लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा देशाचा पहिला महासंगणक पुण्यात घडला, त्यामुळे याचा अभिमान वाटतोच. पण लेखात यंत्रांच्या वेगाचे वर्णन आहे, ती चालवणाऱ्या माणसांविषयी एक ओळही नाही.

सामायिक यंत्रावर सगळ्यांची कामे एकाच रांगेत लागतात. आमच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ४८ कोअरचा (म्हणजे गणना करणाऱ्या ४८ भागांचा) अख्खा नोड, म्हणजे त्या यंत्रातला एक पूर्ण संगणक, अडवला होता आणि त्याचा प्रोग्रॅम चालत होता एकाच कोअरवर. दोष त्याचा नव्हता, त्याला कुणी शिकवलेच नव्हते. इतरांची कामे चार दिवस खोळंबली. अखेर सिस्टिम सांभाळणाऱ्या मुलीने त्याला शेजारी बसवून स्क्रिप्टमधली, म्हणजे यंत्राला काम सोपवणाऱ्या सूचनांमधली, एक ओळ बदलून दाखवली. तिची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर होती. करार संपला, ती खासगी कंपनीत गेली. आता रात्री सर्व्हर रूममधला एसी बंद पडला तर फोन कुणाला करायचा, हेही ठरलेले नाही.

यंत्राला मंजुरी देतानाच ते सांभाळणाऱ्या आणि संशोधकांना शिकवणाऱ्या तज्ज्ञांची कायमस्वरूपी पदेही सरकारने मंजूर करावीत.

– एक संशोधक, पुणे