जुनी आरएक्स बसली की सगळा दोष पेट्रोलला!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

२० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल आल्यापासून कुठलीही जुनी गाडी बंद पडली की लोक इथेनॉलच्या नावाने खडे फोडून मोकळे होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज एक नवीन मेसेज. इथेनॉल काही धुतल्या तांदळासारखं नाही, ते पुढे लिहितोच, पण सध्या गोव्यात यामाहाच्या जुन्या टू स्ट्रोक आरएक्स आणि बुलेट पडवीतून बाहेर काढायचं जे वेड लागलंय त्यात बसलेली, म्हणजे जाम झालेली, इंजिनं मी उघडून बघितलीत आणि बहुतेक वेळा दुखणं टाकीत नव्हतं, इंजिनाच्या खालच्या पोटात, क्रँककेसमध्ये होतं. मी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि घरी बसलो, तेव्हापासून शेडमध्ये हाच उद्योग.

माझ्या भाच्याचंच सांगतो. तो बोटीवर असतो, सुट्टीत आला आणि बाबांची आरएक्स १०० बाहेर काढली. भावोजी गेल्यापासून गाडी पडवीतच होती, वर ताडपत्री, सीटखाली उंदरांचा संसार, सायलेन्सरच्या तोंडाला कुंभारमाशीने माती लिंपलेली. मला विचारायच्या आधीच टेम्पोत घालून गॅरेजला. तिथे कार्बोरेटर धुतला, टाकी साफ केली, नवा प्लग, नवी बॅटरी, टायर, रंग, क्रोम. गाडी सुरू झाली, व्हिडिओ काढला, स्टेटसला ठेवला, सगळ्यांनी अंगठे दिले.

मला दाखवायला आणली तेव्हा गाडी अशी चकाचक की बघत राहावं. पण थ्रॉटल सोडला तरी आवाज लगेच उतरेना, वरच लटकून राहायचा आणि मग हळूहळू खाली. भाच्याला वाटलं काय मस्त पिकअप आहे. मी प्लग खोलून बघितला तर टोक पांढरं फटक, कॉफीच्या रंगाचं पाहिजे ते. म्हटलं बाबा, ही कुठूनतरी हवा ओढतेय, क्रँकच्या दांड्यावरचं रबरी सील बघितल्याशिवाय लांब नेऊ नको. "मामा, तुम्ही उगाच घाबरता," आणि रविवारी मित्रांबरोबर साखळी, केरी करून चोर्ला घाटाकडे निघाला.

अंजुणे धरण मागे टाकून चढ लागला, गाडी तिसऱ्यात, थ्रॉटल फुल, आणि इंजिन एकदम जाम. मागचं चाक करकचून घसटत गेलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून वाचला, नाहीतर वळणावर समोरून ट्रक येतात. टू स्ट्रोक चालवणारे जुने लोक दोन बोटं कायम क्लचवर ठेवायचे ते काही स्टाइल म्हणून नव्हे.

बॅरल काढला तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम लिंपल्यासारखं चिकटलेलं, रिंगा खाचेत दबलेल्या, बोअरवर नखाला लागतील असे ओरखडे. मॅग्नेटो काढून डाव्या बाजूचं क्रँक सील बघितलं तर जुन्या चपलेच्या तळासारखं कडक, ओठ चिरलेला. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर जातं, त्यामुळे ते सील गेलं की बाहेरची हवा आत घुसते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन तापून फुगतो. उजव्या, क्लचकडच्या बाजूचं सील गेलं तर उलट गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट, तो निदान दिसतो तरी, डावीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. त्यात ऑइल पंपाच्या नळीत हवा अडकलेली, म्हणजे पिस्टनला तेलही नीट पोचेना. पंपावर हवा काढायचा स्क्रू असतो, त्याला कोणी पाना लावल्याची खूणही नव्हती. रंगाला मात्र तीन कोट!

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो "आजकालच्या पेट्रोलमुळे होतं, आम्ही काय करणार".

आता पेट्रोलचं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, मिश्रण थोडं लीन होतं हे खरं आहे, मेन जेट एखादा नंबर मोठा टाकून बघावा लागतो. ते पाणी ओढून घेतं, गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाला उतरतं आणि आपल्या हवेत टाकी गंजायला वेळ लागत नाही. जुने रबरी पाइप आणि वॉशर खराब होतात तेही खरं. १९८५ ते १९९६ मध्ये आपल्याकडे बनलेली ही गाडी असल्या पेट्रोलसाठी बनवलेलीच नव्हती, आणि पंपावर दुसरं साधं पेट्रोल मागायची सोयही आता राहिली नाही, सरकारला याबद्दल जरूर जाब विचारावा. पण चिरलेलं सील इथेनॉल नसतं तरी चिरलेलंच राहिलं असतं ना? पेट्रोलवर खापर फोडलं की गॅरेजवाला सुटतो, आणि त्याच गॅरेजमध्ये पुढच्याची गाडी रंगायला लागते.

इतकी वर्षं उभी असलेली आरएक्स किक मारून बघायचीच नसते. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं, दुसऱ्या दिवशी मॅग्नेटोच्या नटाला पाना लावून हाताने फिरवायचं, बेअरिंग खरखरलं तर तिथेच थांबायचं. गिअर ऑइल दुधासारखं निघालं तर आत पाणी आहे. दोन्ही सील नवीन, ऑइल पंपाची हवा काढलेली, त्याच्या केबलची खूण जुळवलेली, आणि पहिल्या टाकीला त्या पंपावर भरवसा न ठेवता पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टू टी, म्हणजे टू स्ट्रोकचं ऑइल. धूर करेल, करू दे.

बुलेटचं वेगळं, तिथे तेल वर रॉकरपर्यंत पोचलं की नाही ते बघायला पाइपचा बँजो बोल्ट सैल करायचा, तेल पाझरलं तरच पुढे. ही दोन मिनिटं वाचवून बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, घालवलेले महाभाग आमच्या डिचोलीत आहेत.

१५ वर्षांनंतर आरटीओत गाडी पुन्हा पासिंगला जाते तिथे चेसिस नंबर, लाइट, हॉर्न, पीयूसी बघतात, इंजिन आतून बघायचा तिथे प्रश्नच येत नाही. त्यामुळे "पासिंग झालंय, रिस्टोअर केलीय" म्हणून ऑनलाइन लाखाच्या वर किमती सांगणाऱ्यांकडून घेताना इंजिनात काय काय बदललं त्याचं बिल मागा, रंगाचं बिल नको. आणि आयटीआयवाल्यांना विनंती की टू स्ट्रोक उघडणारे हात आहेत तोवर त्यांना बोलावून पोरांना क्रँक सील आणि ऑइल पंप एकदा तरी हातात द्या, गाड्या गोव्यात अजून खूप आहेत आणि खोलता येणारे पिकलेत.

भाच्याचा बॅरल बोरिंगला म्हापशाला गेलाय. पुढच्या साइजचा पिस्टन मिळाला, अस्सल सील अजून शोधतोय, कोणाकडे जुन्या स्टॉकचं असेल तर आपल्या पेपरमार्फत जरूर कळवावं.

एक वाचक, डिचोली