राज्य फुलपाखराचा फोटो तरी आपल्याकडचा छापा!

संपादक महोदय,
स.न.

परवाच्या पुरवणीतला पावसाळ्यातल्या फुलपाखरांवरचा लेख आवडला, पण त्यात महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जो फोटो छापलाय तो ब्लू मॉर्मनचा नाहीये हो. तो मॉर्फो आहे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे सापडतच नाही. गूगलवर निळं फुलपाखरू असं टाकलं की तोच चकचकीत फोटो आधी येतो, मग काय, उचलला आणि लावला!

आपला ब्लू मॉर्मन म्हणजे राणी पाकोळी, हा स्वॅलोटेल, म्हणजे मागच्या पंखांना सहसा शेपटीसारखं टोक असणाऱ्या फुलपाखरांच्या घराण्यातला, तरी याला शेपटी नसते. पंख मखमली काळे, त्यावर फिकट निळा पट्टा, आणि मागच्या पंखांवर त्या निळ्यात काळे ठिपके. मॉर्फोसारखी झळाळी नाही, हा निळा कसा पावडर लावल्यासारखा मंद. पंख मिटून बसला की बुडाशी लाल ठिपके दिसतात, ती एकदम पक्की खूण. मादी जरा फिकी असते. पंखांचा पसारा १२ ते १५ सेंटीमीटर, महाराष्ट्रात याच्याहून मोठं म्हणजे सदर्न बर्डविंगच.

आणि हा मुख्यतः दक्षिण भारत, महाराष्ट्र, गुजरातचा दक्षिण भाग आणि श्रीलंका इथे मिळतो, म्हणून तर चुकीचा फोटो जास्त खटकतो. २०१५ साली आपण याला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं महाराष्ट्र देशात पहिलं राज्य. सह्याद्रीत ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर बसलेला दिसतो, विदर्भातल्या जंगलात आहे, आणि मुंबई ठाण्यात सोसायटीच्या जास्वंदीवर, एक्झोरावर पण येतो, फक्त मोबाईल काढेपर्यंत थांबत नाही, वेडावाकडा उडत निघून जातो.

अजून एक, लेखात अळीचा फोटो पण द्यायला हवा होता. मादी लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा झाडांवर एकेक अंडं घालते. छोटी अळी पानावर पडलेल्या पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढून घाण वास सोडते. लोक घाबरून फवारा मारतात. आमच्या सोसायटीचा माळी तर कुंडीतल्या लिंबावर चार पानं कुरतडलेली दिसली की औषधाची बाटली घेऊन हजर, आणि वर परत लोकांची तक्रार की हल्ली फुलपाखरं दिसत नाहीत! कुंडीतलं लिंबू त्या चार पानांनी मरत नाही, पुन्हा फुटतं.

तेव्हा पुढच्या पुरवणीत फोटो दुरुस्त करून छापा, शक्यतो पंख मिटलेला आणि उघडा असे दोन्ही, आणि जागा उरली तर अळीचा पण.

आपला,
एक नेहमीचा वाचक, ठाणे