ते वीस दिवस गाताउलिनचे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावर स्वीडनचा बांबूउडीपटू मोंडो डुप्लांटिस याच्या निमित्ताने बांबूउडीचा आढावा घेणारा लेख वाचला. लेख बरा आहे, तक्रार नाही. शेजारच्या चौकटीने मात्र चहा गार केला. चौकटीत छापले आहे : 'छपराखाली सहा मीटर ओलांडणारा पहिला खेळाडू, रशियाचा सर्गेई बुब्का, ओसाका, ११ फेब्रुवारी १९८९.' एका ओळीत दोन चुका बसवणे हेही एक कौशल्यच.

पहिली चूक. बुब्का रशियाचा नव्हे. जन्म लुहान्स्कचा, घडला दोनेत्स्कमध्ये, म्हणजे युक्रेनचा. त्या वेळी छातीवर सोव्हिएत संघाची अक्षरे होती, इतकेच. सोव्हिएत म्हटले की रशिया, हे समीकरण निदान आजच्या दिवसांत तरी छापू नये.

दुसरी चूक माझ्या वर्मी लागणारी आहे. बंदिस्त सभागृहात सहा मीटरची दांडी पहिल्यांदा पार केली ती सोव्हिएत संघाच्याच रॉदिओन गाताउलिनने, २२ जानेवारी १९८९ रोजी लेनिनग्राडमध्ये. मग ४ फेब्रुवारीला गोमेल येथे सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय इनडोअर स्पर्धेत त्यानेच ६.०२ मीटर केले. बुब्काची ओसाकाची ६.०३ ही उडी त्यानंतर एका आठवड्याने आली. म्हणजे लेनिनग्राड ते ओसाका मोजून वीस दिवस हा मान एकट्या गाताउलिनचा होता. आपल्या चौकटीने ते वीस दिवस खाऊन टाकले.

आता एवढ्या-तेवढ्यासाठी पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. माझ्या घरीही तेच वाटते. पण या नावामुळे मी एकदा भर सभागृहात हसे करून घेतले आहे.

१९९६ सालची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात सामान्यज्ञानाची स्पर्धा असे. दोघादोघांचे संघ. माझ्याबरोबर माझा मेव्हणा. इतिहास-भूगोल त्याच्याकडे, क्रीडा माझ्याकडे, असा करार. शेवटच्या प्रश्नापर्यंत आम्ही आणि आणखी एक संघ बरोबरीत. पहिले बक्षीस भिंतीवरचे घड्याळ आणि रोख पाचशे एक रुपये. आणि प्रश्न आला तो नेमका हाच. मला तर देव पावल्यासारखे झाले. मी उभा राहून खणखणीत आवाजात सांगितले, "गाताउलिन!"

सभागृह शांत. मग मागून कोणीतरी ओरडले, "गाता की नाचता?" हशा असा उसळला की मंडपाची कनात हलली. परीक्षक म्हणून बसलेले गृहस्थ कागद चाळून म्हणाले, "उत्तर चूक. बुब्का. शाळेतल्या पोरालाही माहीत आहे." मी ओसाकाआधीचे गोमेल म्हटले, तारीख सांगितली, राष्ट्रीय स्पर्धा होती तेही सांगितले. ते म्हणाले, "अहो, आपण जागतिक विक्रमाबद्दल विचारतोय, कुठल्या राष्ट्रीय स्पर्धेबद्दल नाही." घड्याळ समोरच्या संघाने नेले. मेव्हण्याने परतताना एसटीत चकार शब्द काढला नाही, पण तेव्हापासून दर भाऊबीजेला ताटावर बसताना तो बायकोला, म्हणजे माझ्या बहिणीला, न चुकता विचारतो, "काय गं, तुझा गाणारा भाऊ आला का?" या भाऊबीजेलाही विचारले. यंदा त्याच्या नातवालाही हसू आले.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्या परीक्षकांच्या घरी गेलो होतो. त्या काळात मी क्रीडा बातम्यांची कात्रणे चिकटवून ठेवत असे. त्यात गोमेलच्या उडीची बातमी होती. दोनच ओळींची, कबड्डीच्या निकालाखाली, 'गाटोलीन' अशा वर्णनातीत लेखनासह, पण आकडा बरोबर, ६.०२. त्यांनी वही पाहिली, चहा दिला आणि 'निकाल आता बदलता येत नाही' असे सांगितले. चहा चांगला होता.

सांगायचे ते हे, की ते कात्रण आपल्याच दैनिकाचे आहे. जे आपण १९८९ साली दोन ओळींत का होईना पण बरोबर छापलेत, ते आज चार रंगांत चूक छापले आहे.

'कुठली तरी राष्ट्रीय स्पर्धा' हे जे त्या गृहस्थांचे वाक्य होते, तेच मला वाटते आपल्या चौकटकारांच्याही मनात असावे. ओसाकाला कॅमेरे, गोमेलला कोण? बेलारूसमधले गाव, चेर्नोबिलला तीन वर्षेही झाली नव्हती आणि त्या धुरळ्याचा मोठा भाग याच प्रांतावर पडलेला. पण साहेब, त्या काळात बांबूउडीत सोव्हिएत संघाचे राष्ट्रीय विजेतेपद म्हणजे काय होते ते पाहा. सोलच्या १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये बुब्का ५.९०, गाताउलिन ५.८५, येगोरोव ५.८०. सुवर्ण, रौप्य, कांस्य तिन्ही एकाच देशाला. बुब्कालाही ती ५.९० ची दांडी शेवटच्या प्रयत्नात गवसली होती. जगातले पहिले तिघे ज्या देशात सरावाला उतरतात, तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेला 'कुठली तरी' म्हणायचे असेल तर म्हणा बापडे. ताश्कंदमध्ये जन्मलेला हा गाताउलिन १९८९ च्याच मार्चमध्ये बुडापेस्टला जागतिक इनडोअर विजेता झाला, आणि पुढे १९९४ साली हेलसिंकीत सहा मीटर मारून युरोपचा विजेता. हा काही उगवला नि मावळला अशातला गडी नव्हे.

आणि त्या हिवाळी स्पर्धांमधून काय काय निघाले! गोमेलनंतर बरोबर एक वर्षाने, ४ फेब्रुवारी १९९० ला, चेल्याबिन्स्कच्या राष्ट्रीय स्पर्धेत ल्युदमिला नारोझिलेंकोने ६० मीटर अडथळ्यांची शर्यत ७.६९ सेकंदांत संपवली. हा विश्वविक्रम अठरा वर्षे टिकला. २००८ साली कार्ल्सरूहला स्वीडनच्या सुसाना कॅलूरने तो मोडला, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागाने. मधल्या काळात नारोझिलेंको स्वतःच स्वीडनची नागरिक होऊन १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन बसली होती. (पुढे तिच्यावर उत्तेजकांचे जे डाग पडले ते पडले, ते मी झाकत नाही.) त्याआधी जानेवारी १९६१ मध्ये व्हालेरी ब्रुमेलने लेनिनग्राडला छपराखाली २.२५ मीटर उंच उडी मारली. मैदानावरचा विश्वविक्रम तेव्हा २.२२ होता. छपराखालची उडी मैदानापेक्षा वरचढ! तिथला हिवाळा इतका लांब की खेळायचे तर आतच खेळावे लागते. लेनिनग्राडचे हिवाळी स्टेडियम तर झारच्या काळातील घोडेस्वारीच्या मानेजची, म्हणजे बंदिस्त आखाड्याची, इमारत आहे. आपल्याकडे छपराखाली धावणे म्हणजे काय, हे भुवनेश्वरला कलिंग स्टेडियमच्या आवारात बंदिस्त ट्रॅक होईपर्यंत बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

बुब्काबद्दल मला राग आहे असे कृपया समजू नये. मैदानात सहा मीटर पहिल्यांदा त्यानेच केले, पॅरिसला, जुलै १९८५ मध्ये. पस्तीस विश्वविक्रम त्याच्या नावावर, सतरा मैदानातले आणि अठरा आतले. ज्याच्या घरी पस्तीस आहेत त्याच्या चौकटीत दुसऱ्याचा एक कशाला घालायचा, एवढेच माझे म्हणणे. गोमेलचा विक्रम सातच दिवस टिकला हे खरे. सात दिवसांचा पाहुणा असला तरी त्याला पाहुणाच म्हणतात ना?

मी तेहतीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. आमच्या शाळेत बांबूउडी खरोखरच्या बांबूवर चाले. कळकाच्या बेटातून तोडून आणलेला, टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पडायला भाताचा पेंढा आणि त्यावर जुनी गोणपाटे. जग फायबरच्या काठीवर कधीच गेले, पण मराठीत आपण अजून बांबूच म्हणतो, आणि मला ते आवडते. एका वर्षी आमचा एक मुलगा जिल्ह्यात पहिला आला. दोन मीटर साठ. आपल्या दैनिकात त्याचे नाव आले होते, गावासकट, आणि ते नाव बरोबर लिहिलेले होते. त्याच्या वडिलांनी तो अंक काचेत बसवला.

आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. तालुका आणि जिल्हा स्पर्धांचे निकाल छापणे आपण का बंद केले? गेल्या हंगामात मी शोधून शोधून थकलो. क्रीडा पानाच्या निम्म्या भागात 'टू बीएचके, डोंगरदृश्यासह' अशी जाहिरात, उरलेल्या निम्म्यात आयपीएलच्या लिलावात कोण किती कोटींना. एखाद्या पोरीने गोळा किती लांब फेकला हे छापायला दोन ओळी लागतात. गाताउलिनला तेवढ्याच लागल्या होत्या.

दुरुस्ती छापावी ही विनंती. 'वाचकांच्या सूचनेवरून' वगैरे काही नको, नुसते नाव, गाव आणि आकडा पुरे. आणि जमल्यास थोड्या ठळक टायपात, वरच्या भागात छापावी. मेव्हणा दुसरा पेपर घेतो. मला कात्रण टपालाने पाठवायचे आहे आणि त्याला आता बारीक अक्षर दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
कराड